आठ फुटी फोमबोर्ड : सर्फिंगच्या पहिल्या हंगामानंतरचा अभिप्राय

सर्फिंग शिकायला निघालेल्या माणसाच्या मनातला बोर्ड पांढराशुभ्र, निमुळता आणि चकचकीत असतो. प्रशिक्षक त्याच्या हाती देतात तो मात्र निळा किंवा पिवळा, बोथट नाकाचा, योगासनांच्या चटईसारखा मऊ लागणारा आठ फुटांचा फोमबोर्ड असतो. या दोन बोर्डांमधला फरक मान्य करायला मला सहा आठवडे लागले आणि त्यापायी एक चुकीची खरेदीही पदरी पडली. त्यानंतर घेतलेला आठ फुटी फोमबोर्ड मी पाच महिन्यांचा एक पूर्ण हंगाम वापरला. आठवड्यातून साधारण दोनदा, असा चाळीसएक वेळा तो पाण्यात उतरला, त्याच्यावरून मी शेकडो वेळा पडले आणि पुढे त्याच्यावर उभीही राहू लागले. हा अभिप्राय त्या बोर्डाबद्दल आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक बोर्डांची घडण सारखीच असते आणि पुढे सांगितलेले गुणदोषही थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतात.

आधी चुकीच्या खरेदीबद्दल सांगते, कारण तिच्याशी तुलना केल्याशिवाय फोमबोर्डाची किंमत कळत नाही. प्रशिक्षणाचे तीन तास संपताच मी एका दुकानात गेले आणि सहा फूट दोन इंचांचा फायबरग्लासचा बोर्ड घेऊन आले. विक्रेत्याने माझी उंची विचारली, वजन विचारले नाही, पोहता येते का हेही विचारले नाही. मोठ्या बोर्डाचा दोन महिन्यांत कंटाळा येतो, लहानच घ्या म्हणजे पुन्हा खर्च नको, असे त्याने सांगितले आणि मला नेमके तेच ऐकायचे होते. सगळा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्सुरिगासाकीच्या किनाऱ्यावर सर्फिंगचा पहिल्यांदा समावेश झाला तेव्हा मी ते पाहिले होते, २०२४ साली ताहितीतल्या तेआहुपोच्या लाटाही पाहिल्या होत्या, आणि त्या खेळाडूंच्या पायाखाली जे आखूड बोर्ड होते तेच माझ्या डोळ्यांपुढे होते. लहानपणापासून समुद्रात वाढलेल्या माणसांचे ते हत्यार आहे, हा साधा विचार मनात आला नाही. सहा आठवड्यांत त्या बोर्डावर मी एकदाही उभी राहिले नाही. उभे राहणे दूरच, त्याच्यावर पालथे झोपून तोल सांभाळणे एवढेच माझे शिक्षण चालले होते.

असे का झाले याचे उत्तर लिटरमध्ये आहे. सर्फबोर्डाचे घनफळ लिटरमध्ये मोजतात आणि अलीकडे ते बहुधा बोर्डावरच छापलेले असते, पण नवशिक्याचे लक्ष लांबीवर आणि रंगावर असते. माझा पहिला बोर्ड ३४ लिटरचा होता. तो पूर्ण बुडाला तरी ३४ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे स्वतःचे वजन वजा जाता जेमतेम ३२ किलोचा भार पेलतो. माझे वजन ६१ किलो आहे. साहजिकच मी त्याच्यावर झोपले की बोर्ड पाण्याखाली जाई, छाती आणि पोट निम्मे पाण्यात असे, आणि हात मारले की बोर्ड सरकण्याऐवजी मीच पाणी ढकलत बसे. फोमबोर्ड ८६ लिटरचा आहे, वजन पाच किलोच्या आसपास. माझ्यासह तो आरामात तरंगतो आणि वर थोडी शिल्लकही उरते. नवशिक्याने निदान आपल्या वजनाच्या किलोइतके लिटर तरी घ्यावेत, थोडे जास्तच घ्यावेत, असा एक ढोबळ हिशेब सर्फर मंडळी सांगतात. कसलेल्या सर्फरला वजनाच्या निम्म्याहूनही कमी लिटर पुरतात. हा हिशेब कोणी मला पहिल्या दिवशी सांगितला असता तर सहा आठवडे वाचले असते.

घडणीबद्दल थोडक्यात. आत थर्मोकोलच्या जातीचा हलका फोमचा गाभा असतो, त्यात लांबीच्या दिशेने लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. माझ्या बोर्डात अशा तीन पट्ट्या आहेत. वरचा थर मऊ, बारीक खरबरीत फोमचा आणि खालचा थर गुळगुळीत प्लास्टिकचा आहे. तळाला मागच्या बाजूला तीन लवचिक फिन, म्हणजे माशाच्या परांसारखे पंख, स्क्रूने घट्ट केलेले आहेत. रुंदी साडेबावीस इंच आणि जाडी सव्वातीन इंच. घेताना एकच गोष्ट तपासावी, ती म्हणजे आत स्ट्रिंगर आहेत की नाहीत. बिनपट्टीचा बोर्ड उभे राहिल्यावर मधोमध वाकतो आणि जोराच्या लाटेत त्याला कायमची घडी पडते. माझ्याच गटातल्या एकाच्या बोर्डाचे तिसऱ्या आठवड्यात असे पुस्तक झाले होते.

आता पाण्यातला अनुभव. पहिले दोन आठवडे आम्ही फुटलेल्या लाटेच्या फेसातच शिकलो, आणि या कामासाठी आठ फुटी फोमबोर्डाला तोड नाही. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट ते दीडपट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. म्हणजे दोन फुटांची लाट गुडघ्याच्या वर, मांडीएवढ्या पाण्यात फुटते आणि तिचा फेस किनाऱ्याकडे धावतो. तळ हळूहळू चढत असेल तर लाट कोसळत नाही, माथ्यावरून सांडत सांडत येते, आणि शिकायला हीच लाट हवी. कमरेएवढ्या पाण्यात हा फेस धावणाऱ्या माणसाच्या वेगाने येतो, तर नवशिक्याचे हात बोर्डाला सेकंदाला जेमतेम एक मीटर पुढे नेतात. या दोन वेगांतला फरक बोर्डाने भरून काढायचा असतो. लांब, रुंद आणि हलका बोर्ड फेसाचा धक्का लगेच उचलतो आणि त्याच्याबरोबर निघतो. आखूड बोर्डाखालून तोच फेस निघून जातो आणि स्वार तिथेच, नाकातोंडात पाणी घेऊन. फोमबोर्डावरच्या पहिल्याच दिवशी मला दहापैकी सात लाटांनी पुढे नेले. मी उभी राहिले नाही, पण पालथी पडून किनाऱ्यापर्यंत घसरत जाण्याचा जो आनंद आहे तो त्या दिवशी मिळाला, आणि तो कमी प्रतीचा आहे असे मला आजही वाटत नाही.

बोर्डाचा खरा उपयोग इथेच आहे. सर्फिंगमध्ये प्रत्यक्ष लाटेवर घालवलेला वेळ अगदी थोडा असतो. पाण्यातला निम्म्याच्या आसपास वेळ हात मारण्यात जातो, बराचसा लाटेची वाट पाहण्यात जातो, आणि लाटेवर उभे असण्याचा वेळ, चांगल्या सर्फरचासुद्धा, दहा टक्क्यांहून कमी भरतो. त्यामुळे जे कौशल्य शिकायचे त्याच्या सरावाला तासाभरात मिनिटे मिळतात, नवशिक्याला तर सेकंदच. सायकल शिकताना दर पाच मिनिटांनी कोणी ती काढून घेतली तर जसे होईल तसे हे आहे. ज्या बोर्डावर तासाला वीस लाटा पकडता येतात तो बोर्ड, तासाला दोन लाटा देणाऱ्या बोर्डाच्या दसपट शिकवतो, मग तो दिसायला कसाही असो.

उभे राहण्याच्या हालचालीला, म्हणजे पॉप-अपला, मी सर्वांत जास्त दिवस दिले आणि या बाबतीत बोर्डाने मला मदतही केली आणि अडथळाही आणला. हालचाल अशी : पालथे असताना तळहात शेवटच्या फासळ्यांजवळ बोर्डावर सपाट टेकवायचे, छाती उचलायची, आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणून पुढचा पाय दोन हातांच्या मध्ये रोवायचा. गुडघे वाकलेले, नजर समोर. लिहायला तीन ओळी लागल्या, जमायला दोन महिने. मदत अशी की साडेबावीस इंचांच्या रुंदीमुळे पाऊल मधल्या रेषेपासून चार बोटे इकडे तिकडे पडले तरी बोर्ड लगेच कलंडत नाही. वरचा फोम ओला असतानाही पाय धरून ठेवतो, त्यामुळे सुरुवातीला मेण चोळावे लागत नाही. पुढे तो थर गुळगुळीत झाला की पायांच्या जागी थोडे चोळावे. अडथळा दोन प्रकारचा. एक तर रुंद बोर्डाच्या कडा धरून उठायचा मोह होतो, कोपरे बाहेर जातात, जोर मिळत नाही आणि एका कडेवर वजन जास्त पडले की बोर्ड उलटतो. हात कडांवर नकोत, फळीवर हवेत, हे प्रशिक्षक दर तासाला ओरडून सांगत. दुसरा अडथळा अधिक लबाड आहे. बोर्ड इतका मऊ आहे की त्याच्यावर गुडघे टेकले तरी दुखत नाहीत. त्यामुळे आधी गुडघ्यावर, मग एक पाय, मग दुसरा, असा आजारी माणसासारखा टप्प्याटप्प्याने उठण्याचा क्रम अंगवळणी पडतो. मी तीन आठवडे असेच उठत होते आणि त्यालाच प्रगती समजत होते. फेसात ते खपते, कारण फेस बराच वेळ पाठीमागून ढकलत राहतो. न फुटलेल्या लाटेवर तेवढा अवधी नसतो, आणि मग ती सवय मोडायला आणखी तीन आठवडे जातात. काही प्रशिक्षक ज्यांचे गुडघे-कंबर साथ देत नाहीत त्यांना हा मार्ग सुचवतात आणि त्यात वावगे काही नाही. इतरांनी मात्र पहिल्या दिवसापासून तो टाळावा.

यावर उपाय म्हणून मी घरी जमिनीवर रोज वीस पॉप-अप काढत असे. बोर्ड किनाऱ्यावर ठेवून सराव करायचा असेल तर फिनसाठी वाळूत खड्डा करावा, नाहीतर त्यांच्यावर सगळे वजन येते. जमिनीवरच्या सरावाचा उपयोग पन्नास टक्के म्हणावा, कारण जमीन हलत नाही. तरी पुढे कोणता पाय ठेवायचा हा प्रश्न तिथेच सुटतो. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा ठेवणाऱ्याला गूफी. मी गूफी निघाले. हे कळेपर्यंत मी लीश, म्हणजे बोर्डाला घोट्याशी जोडणारी दोरी, चुकीच्या पायाला बांधत होते, ती मागच्या पायाला बांधायची असते.

बोर्डावर नेमके कुठे झोपायचे, ही दुसरी गोष्ट. फार पुढे झोपले की नाक पाण्यात घुसते, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि स्वार त्याच्यावरून कोलांटी घेतो. फार मागे झोपले की नाक आकाशाकडे, शेपूट पाण्यात, आणि लाट खालून निघून जाते. नाक पाण्याच्या चार बोटे वर राहील अशी जागा शोधावी लागते. ती सापडली तेव्हा माझी हनुवटी जिथे येत होती तिथे मी न पुसणाऱ्या शाईने एक रेघ ओढून ठेवली, आणि हा या बोर्डावर केलेला माझा सर्वांत उपयुक्त बदल आहे. महागड्या बोर्डावर अशी रेघ ओढायला हात धजावला नसता. नाक घुसण्याला इंग्रजीत पर्लिंग म्हणतात, म्हणजे मोती काढायला बुडी मारणे. नाकापेक्षा मोती जड होतो तो प्रसंग हाच, असे मी आमच्या गटात सांगितले तेव्हा कोणी हसले नाही, पण मला ते अजूनही समर्पक वाटते.

फिनबद्दल फारशी तक्रार नाही. ते लवचिक असल्यामुळे पायाला लागले तर खरचटते, चिरत नाही. फिन नसतील तर बोर्ड साबणाच्या वडीसारखा आडवा सरकतो. जुन्या हवाईयन बोर्डांना फिन नसत. अमेरिकी सर्फर टॉम ब्लेक यांनी १९३५ साली एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा तळपट्टा आपल्या बोर्डाखाली बसवला तिथून या गोष्टीची सुरुवात झाली. त्याआधी हवाईचे सर्फर ड्यूक कहानामोकू यांच्यासारखे लोक बिनफिनच्या लाकडी फळ्यांवर लाटा पेलत. त्यांनी १९१४-१५ मध्ये सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर शुगर पाइनच्या लाकडातून स्वतः घडवलेल्या बोर्डावर प्रात्यक्षिक केले, तो बोर्ड तिथे अजून जपून ठेवला आहे. या थोरांचे बोर्डही लांबच होते, हे वाचून माझ्या आठ फुटांबद्दलची उरलीसुरली लाज गेली. फिनचे स्क्रू मात्र दर चार-पाच वेळा घट्ट करावे लागतात. दुसऱ्या महिन्यात माझा एक स्क्रू निसटून समुद्रात गेला आणि नवीन मिळेपर्यंत बोर्ड एका बाजूला ओढत होता.

बोर्डाबरोबर आलेल्या लीशवर मात्र मी नाराज आहे. लीशची लांबी साधारण बोर्डाइतकी हवी. आठ फुटी बोर्डासोबत आलेली दोरी सहा फुटांची होती. लहान दोरी ताणली गेली की रबरासारखी बोर्डाला परत ओढते आणि तो थेट डोक्याकडे येतो. ही भीती काल्पनिक नाही. लीशचा वापर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ होऊ लागला तेव्हा ती ताणणाऱ्या रबरी नळीची असे, आणि वेटसूटमुळे, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखामुळे, प्रसिद्ध झालेल्या जॅक ओ'नील यांनी अशाच उलट आलेल्या बोर्डामुळे एक डोळा गमावला. लीशची कल्पना त्यांच्याच मुलाची, पॅटची, हा त्यातला दैवदुर्विलास. माझ्या बाबतीत डोळा वाचला, भुवईवर सूज आली. त्या दिवसापासून दोन नियम पाळते : पाण्याखालून वर येताना दोन्ही हात डोके-चेहऱ्याभोवती घ्यायचे, आणि लीश आठ फुटांचीच वापरायची. घोट्याला बांधायची पट्टीही दीड महिन्यात सुटू लागली, कारण तिच्यात वाळू अडकून चिकटपणा गेला होता. लीश वेगळी, चांगल्या प्रतीची घ्यावी, असेच मी सुचवीन.

फोम मऊ म्हणजे निरुपद्रवी, हा समज दुकाने पसरवतात आणि तो धोक्याचा आहे. पाच किलोची आठ फुटी वस्तू लाटेने आडवी फेकली तर ती मऊ असली तरी मार बसतो. बोर्ड कधीही स्वतःच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये धरू नये, तो बाजूला किंवा लाटेकडे नाक करून धरावा. हा नियम पहिल्या तासाला सांगितला जातो आणि तिसऱ्या तासाला विसरला जातो. पडताना बोर्डापासून दूर, सपाट अंगाने पडावे. उथळ पाण्यात सूर मारू नये. लाट कोणाची, याचाही एक नियम आहे. लाट जिथून फुटायला लागते त्या टोकाच्या जवळ जो आहे तिच्यावर त्याचा हक्क, आणि त्याच्या वाटेत उभे राहणे म्हणजे असभ्यपणाही आणि अपघाताला आमंत्रणही. फोमबोर्डाने सहज लाट मिळते म्हणून नवशिके नकळत हा नियम मोडतात. मीही मोडला, आणि ऐकून घेतले.

फेसातून बाहेर, न फुटलेल्या लाटांपर्यंत जाण्याची वेळ आली की या बोर्डाचे दुसरे रूप दिसते. आखूड बोर्ड लाटेखाली दाबून तिच्याखालून पलीकडे जाता येते. ८६ लिटरची ही वस्तू कितीही जोर लावला तरी पाण्याखाली जात नाही. तिच्यासाठी टर्टल रोल हा उपाय : लाट जवळ येताच कडा घट्ट धरून बोर्डासह उलटे व्हायचे, बोर्ड वर आणि आपण खाली, लाट गेली की पुन्हा सुलटे. कमरेएवढ्या लाटांत ते बरे चालते. छातीएवढ्या लाटांत माझ्या हातातून बोर्ड तीनपैकी दोनदा सुटला आणि मी जिथून निघाले तिथेच परत आले. या उंचीच्या पुढे हा बोर्ड नवशिक्याच्या हातात नको, कारण सुटलेला बोर्ड मागच्या माणसावर जातो. मात्र एका प्रसंगी त्याच्या तरंगण्याचे मोल कळले. एका सकाळी मी रिप करंटमध्ये सापडले. किनाऱ्यावर साठलेले पाणी एका अरुंद वाटेने समुद्राकडे परतते तो हा प्रवाह, बहुधा सेकंदाला एक-दोन फूट, पण जोराचा असला तर कोणाही पोहणाऱ्याला भारी पडेल इतका. त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे धडपडण्यात दम संपतो. बोर्ड सोडला नाही, त्याच्यावर पालथी पडून किनाऱ्याला समांतर हात मारत राहिले आणि लाटा फुटत होत्या त्या बाजूला जाऊन फेसाबरोबर परतले. तरीही ज्याला पोहता येत नाही त्याने बोर्डाच्या भरवशावर पाण्यात उतरू नये. लीश तुटते.

अंगाला होणाऱ्या त्रासाचाही उल्लेख हवा. खरबरीत फोमवर तासभर पालथे घासले की पोटाची आणि मांड्यांची कातडी सोलवटते. बिनबाह्यांचा पोशाख घालून गेले त्या पहिल्या दिवशी रात्री कुशीवर झोपता आले नाही. अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा लायक्रा शर्ट हा चैनीचा भाग नव्हे. बोर्ड वाहून नेणे हेही एक काम आहे. साडेबावीस इंचांची रुंदी माझ्या काखेत मावत नाही, बोटे खालच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून तो डोक्यावर घ्यावा लागतो, आणि वारा असला की डोक्यावरचे शीड होते. दोघे असाल तर एकाने नाक, एकाने शेपूट धरावे.

टिकाऊपणात हा बोर्ड मध्यम आहे. उन्हात ठेवला की आतली हवा प्रसरण पावते आणि वरचा थर गाभ्यापासून सुटून फुगे येतात. बंद गाडीत ठेवला तर हे काही तासांत होते. माझ्याकडून एकदाच दुपारभर वाळूवर राहिला आणि शेपटीजवळ बशीएवढा फुगा आला, तो गेला नाही. फिनच्या आणि लीशच्या भोकांतून पाणी मुरते आणि बोर्ड हळूहळू जड होतो. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत, भोके खाली येतील असा उभा ठेवावा. लहान चीर पडली तर ती बुजवेपर्यंत पाण्यात नेऊ नये.

आता तो कुठे कमी पडतो ते. चौथ्या महिन्यात मला हिरव्या लाटा, म्हणजे न फुटलेल्या लाटा, अधूनमधून मिळू लागल्या आणि सरळ किनाऱ्याकडे जाण्याऐवजी लाटेच्या तोंडावरून तिरके जावेसे वाटू लागले. तिरके जाणे या बोर्डावर जमते, किंवा जमण्याइतपत जमते. पण वळवणे जमत नाही. कडा गोल आणि जाड असल्यामुळे त्या पाण्यात रुतत नाहीत, लवचिक फिन ऐन वेळी वाकतात आणि बोर्ड हुकूम ऐकतो पण अर्ध्या मिनिटाने. लाट जरा उभी असेल तर तेवढ्यात ती निघून गेलेली असते. हा दोष मी गंभीर मानत नाही, कारण इथवर पोचायलाच बहुतेकांना एक हंगाम लागतो, आणि ज्याला तो दोष जाणवू लागला त्याचे या बोर्डाशी असलेले काम बऱ्याच अंशी झालेले असते. विक्रेत्याने दोन महिन्यांचा कंटाळा सांगितला होता, मला तो साडेचार महिन्यांनी, आणि तोही फक्त चांगल्या लाटांच्या दिवशी आला.

कोणी घ्यावा? पंचावन्न ते पंचाहत्तर किलोच्या प्रौढ माणसाने आठ फुटी बेलाशक घ्यावा. त्याहून वजनदार असाल तर नऊ फुटी पाहावा, आणि किशोरवयीन मुलांना सात फुटी पुरतो. प्रौढांनी मात्र आठ आणि सात यांत आठच घ्यावा, मोह सातचा होईल तरी. वर्षातून चार-पाच वेळाच समुद्रावर जाणार असाल तर विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावा. प्रशिक्षणवर्गाचे बोर्ड बहुधा याच घडणीचे असतात, त्यामुळे निदान पाच-सहा तास त्यांच्यावर काढून मगच खरेदीचा विचार करावा. आणि पहिले काही तास प्रशिक्षकाशिवाय काढू नयेत, कारण मी गुडघ्यावर उठत होते ते मला स्वतःला दिसत नव्हते.

माझा जुना सहा फूट दोन इंचांचा बोर्ड भिंतीला टेकून उभा आहे. हंगामाच्या शेवटी, मोठ्या आत्मविश्वासाने, तो पुन्हा एकदा पाण्यात नेला. दोन तासांत एक लाट मिळाली आणि तिच्यावर मी बहुधा दोन सेकंद उभी होते. दुसऱ्या दिवशी बशीएवढ्या फुग्यासह निळा बोर्ड घेऊन गेले. लाटा गुडघ्याएवढ्या होत्या, आखूड बोर्डवाले किनाऱ्यावर बसून होते, आणि मला तासाभरात अकरा लाटा मिळाल्या.